उसनं बोट

२८ जानेवारी, मंगळवार

रोज काय खातो ते लिहून ठेवा, असं अक्षताने बजावलंय. म्हणून ही डायरी काढली. आमचा मुलगा सुयोग गेल्या वर्षी बदलापूरहून येताना घेऊन आला होता, कोरीच पडली होती.

अक्षता पाड्यातलीच, वरच्या गल्लीतल्या घाडींची मुलगी. एका संस्थेत आरोग्य सेविका आहे. पाठीवरच्या बॅगेत बीपीचं मशीन, साखरेचं मशीन आणि वजनकाटा घेऊन दहिसरच्या आमच्या टेकडीवर घरोघर फिरते आणि लोक तिला बघून आतून कडी लावतात. मीही लावणार होतो, पण बायकोने, शेवंतीने, दार आधीच उघडलं.

अक्षताने माझ्या मोबाइलमध्ये एक अॅप टाकलं आणि साखर मोजायचं छोटं मशीन महिनाभरासाठी घरी ठेवायला दिलं. सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा. आकडा आपोआप मोबाइलमध्ये जातो, तिथून अक्षताकडे, तिथून दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे. आकडा चांगला असला तर हिरवा हसरा चेहरा येतो, मध्यम असला तर पिवळा, वाईट असला तर लाल. महिनाभर बघायचं आणि उतरला नाही तर इंजेक्शन चालू, असं डॉक्टरांनी ठरवलंय. रोज. पोटात.

मी जन्मभर बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. तुटकी बिस्किटं फुकट असायची. म्हणजे डायबेटिस मला कंपनीकडूनच मिळाला, त्यात माझा काय दोष?

काकी, तुमचीपण साखर बघू, असं अक्षता शेवंतीला म्हणाली. पण तोवर शेवंती चप्पल घालून बोरिवलीच्या वाटेला लागली होती. तिथे ती दोन घरी चपात्या करते. तिला काय धाड भरलीय. गेल्या दिवाळीपासून तर चांगली बारीक झालीय. ब्लाऊज सैल होतात म्हणून दोनदा टीप घातली. शेजारच्या बायका विचारतात, वहिनी काय करता हो.

जेवणाचा हिशेब अॅपमध्येही भरायचा असतो. तर मी असं ठरवलंय की अॅपला अॅपचं सांगायचं आणि इथे खरं लिहायचं. अॅपला सांगितलं: भाकरी, मुगाची उसळ, काकडी. खरं: तेच, अधिक नाक्यावरची कांदाभजी, अधिक माझा दोस्त बाळा याने आणलेला गोड खाजा.

३१ जानेवारी, शुक्रवार

रोज पिवळा. तो पिवळा चेहरा माझ्याकडे आमच्या जुन्या मॅनेजरसारखा बघतो, म्हणजे रागावत नाही, पण विश्वासही ठेवत नाही. अक्षताचा फोन आला. काका, काकडी खाऊन एवढी साखर चढत नाही. मी म्हटलं, काकडीवर असेल, हल्ली काय काय फवारतात.

मोरीत मुंग्या झाल्यात. शेवंती चहाची साखर सांडवते आणि पाणी मारत नाही. मी मुंग्यांचा खडू ओढला.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज डोकं चाललं.

बाळा रोज सकाळी पेपर वाचायला आणि चहा प्यायला माझ्याकडे येतो. आमचं गाव एक, शाळा एक. तो पोस्टमन होता, सगळी नोकरी पायी केली, अंगावर मांस म्हणून नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, त्याला तसाच आवडतो. असा माणूस समोर बसलाय, त्याची दहा बोटं रिकामी आहेत, आणि मी स्वतःचं बोट टोचून मॅनेजरचं तोंड बघतोय. बोट कोणाचं हे मशीनला कुठे कळतं?

बाळाला सांगितलं. तो बराच वेळ पेपर वाचत राहिला. मग म्हणाला, सुई नवीन लागेल आणि पेपर आधी मी वाचणार. मी दोन्ही मान्य केलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

हिरवा. चौऱ्याण्णव. मोबाइलमधून टाळ्यांचा आवाज आला आणि बाळा उगाच लाजला.

संध्याकाळी जिलेबी आणली. शेवंतीने एक तुकडा खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायली. उन्हातून येते, तहान लागणारच. मग मालिका बघता बघता बसल्या जागी झोपली. पूर्वी शेवटपर्यंत बघायची आणि मलाही कथा ऐकावी लागायची. त्या हिशेबाने घरात शांतता आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर हिरवा. अक्षता स्वतः आली. एवढी खूश मी तिला तिच्या नोकरीच्या पेढ्यांच्या वेळीही पाहिली नव्हती. तिने माझा आलेख दाखवला. रेघ डोंगरावरून खाली उतरते तशी उतरली होती आणि मग सपाट धावत होती. ती म्हणाली की पाड्यातल्या सगळ्यांना घरी मशीन मिळावं म्हणून ती वर्षभर मागे लागलीय. संस्थेच्या ऋता मॅडम म्हणायच्या, टेकडीवरच्या लोकांच्या हातात देऊन उपयोग काय? आता हा आलेख दाखवला तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. एक मार्चला दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये सभा आहे, मॅडम येणार आहेत, आणि त्यांच्यासमोर मी दोन शब्द बोलायचे.

हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. खरं तर, बोलवणार हे ऐकून बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून मला कोणी चार लोकांत उभं केलेलं नाही.

बाळाला सांगितलं तर म्हणाला, भाषण पण मीच करू काय? आता तो मुद्दाम पेपर सावकाश वाचतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाषणाची तयारी. सुरुवात कारल्यापासून करणार. "कारलं हे मला आता गोड लागतं" हे वाक्य छान उतरलंय. शेवंतीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, घरात कारला शेवटचा कधी इला ता सांगा. ती अजून मालवणीच बोलते आणि तिच्यापुढे मोठी वाक्यं टिकत नाहीत.

तिच्या मनगटावर तव्याचा चटका बसलाय. नाताळच्या आसपासचा. अजून ओलाच आहे. सारखी खाजवत असेल. मी हळद लाव म्हटलं.

मुंग्या खडू ओलांडून येतात. खडू नकली असावा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वाट लागली. बाळा गावी चालला. देवीची जत्रा आहे, दरवर्षी जातो, मी विसरलोच होतो. पंधरा दिवस नाही येणार. मी म्हटलं, निदान सभेपर्यंत थांब. तो म्हणाला, देवी तुझ्या साखरेसाठी थांबत नाही. जाताना पेपर घेऊन गेला, गाडीत वाचायला.

आता कोण? पलीकडचे भाऊराव बिड्या ओढतात. खालच्या आकाशला सांगितलं तर दुपारपर्यंत पाडाभर होईल. मग लक्षात आलं की घरातच धडधाकट माणूस आहे आणि मी बाहेर शोधतोय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी शेवंतीला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, म्हणून तो बाळग्या रोज चाय पिऊन बोट चोखत बसायचा. मला इंजेक्शन नको हे तिलाही वाटतं, ते कोणी द्यायचं हा प्रश्न तिच्याच गळ्यात पडेल. बोट पुढे केलं. म्हणाली, लवकर आटपा, माका गाडी हा.

तीनशे बारा. लाल. मोबाइल असा ओरडला की समोरच्या घरातून विचारलं, काय झालं.

दोन मिनिटांत अक्षताचा फोन. काका, चक्कर येतेय का, घाम फुटलाय का, काय खाल्लं काल? मी म्हटलं मशीन पडलं होतं हातातून. ती म्हणाली उद्या परत बघा, नाहीतर मी येते.

शेवंती तोवर गेली होती. मी मग स्वतःचं बोट टोचून बघितलं. एकशे शहाऐंशी. म्हणजे माझं नेहमीचं. मशीन माझ्याशी नीट वागतं आणि तिच्याशी नाही, हा काय प्रकार?

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज शिवजयंती, दवाखाना बंद, अक्षतालाही सुट्टी. शेवंतीचं परत घेतलं, हात साबणाने धुवून, कारण मला वाटलं कणकेत साखर असेल. तीनशे एकोणतीस.

बाळाला गावी फोन लावला. जत्रेतल्या ढोलांमुळे त्याला ऐकू येईना. मी ओरडून सांगितलं की शेवंतीचा आकडा असा असा येतोय, मशीन बिघडलंय. तो म्हणाला, "अनंता, मशीन बिघडला नाय. आमच्या आकाक, थोरल्या बहिणीक, असाच झाला होता. पाणी लय पिता काय ती?"

मी फोन ठेवला. मोरीत गेलो. मुंग्यांची रांग बघत उभा राहिलो. ती साखर चहाची नव्हती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शेवंती ऐकत नाही. मी म्हटलं, चल, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "तुमचा दुखणा माझ्या गळ्यात कित्याक बांधतास? लबाडी तुमी केलास, डाग माका?" तिला वाटतं हीसुद्धा माझीच काहीतरी युक्ती आहे. सभेतून सुटायची.

मी शपथ घेतली. ती म्हणाली, तुम्ही अॅपसमोर पण रोज काकडीची शपथ घेता.

आज काही खाल्लं नाही. हे खरं आहे. अॅपलाही तेच लिहिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उठून घाडींच्या घरी गेलो. अक्षता केस विंचरत होती. दारातच उभ्या उभ्या सांगून टाकलं. बाळाचं बोट, शेवंतीचं बोट, जिलेबी, सगळं.

मला वाटलं होतं ओरडेल. ती फणी हातात धरून उभी राहिली. "काका, तुमचा आलेख मी मॅडमना पाठवलाय. त्यांनी तो पुढे पाठवलाय." एवढंच म्हणाली आणि बॅग उचलून माझ्या आधी चालायला लागली.

शेवंती तिच्यावरही विश्वास ठेवेना. दोघे मिळून मला बनवताय म्हणाली. तेव्हा अक्षताने वाद घातला नाही. खाली मांडी घालून बसली, आधी स्वतःचं बोट टोचलं आणि आकडा शेवंतीला वाचायला लावला. मग माझं टोचलं, तोही तिलाच वाचायला लावला. तिचा आकडा चांगला होता, माझा नेहमीसारखा पिवळा. मग अक्षता हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. शेवंतीने आमच्या दोघांकडे बघितलं आणि स्वतःच बोट पुढे केलं, मला खोटं पाडायला.

आकडा आला. तिने तो वाचला, पण मोठ्याने नाही वाचला.

मग चपात्यांक उशीर होता म्हणून उठली, चप्पल घातली, आणि उंबऱ्यावर बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला कामाला जायच्या वेळी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, "कोणाक सांगू नुको. आजारी बाई घरात कोण ठेवीत नाय." हे अक्षताला म्हणाली, मला नाही. मला समजेना, एवढ्यात तिने नोकरीचा विचार केला कसा, आपण तर आत्ता कुठे आकडा बघितला.

दुपारी दवाखाना. डॉक्टर तरुण आहेत, शर्मिष्ठा नाव. त्या शेवंतीला विचारत होत्या आणि शेवंती प्रत्येकाला नाय म्हणत होती. तहान फार लागते का? नाय. मी म्हटलं, तांब्याभर पिते. थकवा? नाय. मी म्हटलं, मालिका पुरी बघत नाही. वजन उतरलंय? मी म्हटलं, दोनदा टीप घातली. जखम? मी तिचा हात धरून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी मला विचारलं, हे सगळं तुम्हाला माहीत होतं? मी हो म्हटलं. त्यांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं आणि ते जास्त वाईट वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शेवंतीला गोळ्या सुरू झाल्या, मलमपट्टी, शिवाय डोळ्यांची तपासणी लिहून दिलीय. मला इंजेक्शन. डासाइतकंही लागत नाही. एवढ्यासाठी मी बाळाला पेपर दिला.

आज अक्षता शेवंतीचं नाव अॅपमध्ये घालायला आली. नाव भरलं, वय भरलं, माझा मोबाइल नंबर टाकला आणि अॅपने नाही म्हटलं. हा नंबर आधीच वापरात आहे. एका नंबरावर एकच पेशंट. शेवंतीकडे फोन नाही. कोणाला काय सांगायचं असलं तर ती माझ्या फोनवरून सांगते.

अक्षताने ती सूचना दोनदा वाचली. मग मान खाली घालून सांगायला लागली की सर्वेक्षणाला ती सकाळी यायची, बायका कामावर नाहीतर नळावर, घरात पुरुष आणि त्यांचा फोन. तिने त्यांचीच नावं घातली. हिरवे, पिवळे, लाल, सगळे पुरुष. तिच्या आईचंसुद्धा नाव त्यात नाही.

मी म्हटलं, माझं नाव काढ आणि हिचं घाल. ती म्हणाली, काका, तुमचा सगळा रेकॉर्ड पुसला जाईल. मी म्हटलं, त्यात माझं होतं काय, तो सगळा बाळाचा आहे.

पहिल्यांदा हसली. लगेच तोंड परत फुगवलं.

आता सकाळी माझा मोबाइल वाजतो आणि म्हणतो, नमस्कार शेवंतीताई, गोळी घेतली का? शेवंतीला ते फार आवडतं. घरात तिला ताई म्हणून कोणी विचारत नाही. ती मोबाइलला उत्तर देते, घेतलंय गो बाय.

१ मार्च, शनिवार

सभा झाली. अक्षता म्हणाली होती की तुम्ही येऊ नका, मी मॅडमना सांगेन माझी चूक झाली. पण तसं कसं. शर्ट इस्त्री केला आणि गेलो. शेवंती पहिल्या रांगेत, मी खोटं बोललो तर उठून सांगायला.

कारल्याचं वाक्य सोडून दिलं. झालं तसं सांगितलं. बोटाच्या गोष्टीला हॉल इतका हसला की मला आणखी सांगावंसं वाटायला लागलं, बाळाच्या बोटाचं वर्णन वगैरे. पण शेवंतीने खालून बघितलं. मग लाल चेहऱ्याचं सांगितलं आणि मागच्या बायका पुढे सरकून ऐकायला लागल्या.

ऋता मॅडम एकदाही हसल्या नाहीत. मी खाली बसल्यावर त्या उठल्या आणि विचारलं, ज्यांच्या घरात एकच फोन आहे त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच हात वर. मग विचारलं, ज्यांच्याकडे तो फोन बाईच्या नावावर आहे त्यांनीच हात वर ठेवा. दोन राहिले, त्यातला एक पंखा लावायला उठलेल्या माणसाचा होता.

निकाल असा की सगळ्यांना मशीन देण्याचं सध्या लांबलं. आधी पाड्यातलं प्रत्येक घर पुन्हा तपासायचं, दुपारी, बायका घरी असताना, आणि अॅपमधली ती एका नंबराची अडचण काढून घ्यायची. म्हणजे अक्षताचं वर्षभराचं काम पहिल्यापासून. जिन्यात मी तिला म्हटलं, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, बॅग जड आहे, सोमवारपासून तुम्ही उचलायची.

१२ मार्च, बुधवार

बॅग उचलून आज किती दिवस झाले, मोजले नाहीत. टेकडीच्या पायऱ्या चढून माझा आकडा खाली येतोय, हे डॉक्टर म्हणतात. मला वाटतं अक्षता मध्ये कुठे चहा पिऊ देत नाही म्हणून.

अक्षताचा नियम असा की मी तोंड उघडायचं नाही. मशीन काढून देणं, सुई डब्यात टाकणं, बस. पण काही गोष्टी मला तिच्याआधी दिसतात. भाऊरावांनी बोट धुतलं तेव्हा मी त्यांच्या सुनेकडे बघितलं, ती बोट उसनं द्यायला हात पदराखाली घेऊन दाराशी तयारच उभी होती. मी नुसता खोकलो. अक्षताला कळलं. खालच्या गल्लीत एकाने तर पाचवीतल्या नातीला पुढे केलं होतं. एवढी हुशारी मलाही सुचली नव्हती.

शेवंतीचा चटका सुकलाय. आकडा पिवळ्यावर आलाय. बोरिवलीच्या एका घरी तिने स्वतःहून सांगितलं, गोळी घ्यायची म्हणून मधे खाणार. त्या बाईने काढलं नाही, दुसरीने काढलं. मग आम्ही दुपारी जातो त्या घरांत ती आधी जाऊन बायकांना सांगायला लागली. अक्षतापेक्षा तिचं लवकर ऐकतात, आणि ती त्यांना आमच्यापेक्षा जास्त ओरडते.

आज शेवटचं घर वरच्या टोकाचं, तांडेलांचं. शेवंती काही तिथे पोचली नव्हती. तांडेल माझ्याच वयाचे, दारात खुर्ची टाकून बसलेले. आम्हाला बघून त्यांनी शर्टाची बाही वर केली, बोट पुढे केलं आणि हसून म्हणाले, या, घ्या काय घ्यायचं ते. अक्षताने पट्टी काढली. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

मी नियम मोडला. म्हटलं, तुमचं घेऊ नंतर. आत कोण आहे?

तांडेल म्हणाले, ती होय, तिला काही नाही, ठणठणीत आहे. आतून बाईही म्हणाली, माका काय झाला नाय, तुमी ह्यांचा बघा.

भांड्यांचा आवाज थांबला नाही. अक्षता माझ्याकडे बघत होती. मी बॅग खाली ठेवली, उंबऱ्याशी बसलो, आणि आत ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, सावकाश घासा. मी बसलोय."